नवव्या रोज्याला भरलेली चमक

दोन वर्षांपूर्वीचा नववा रोजा. मार्चचा तिसरा आठवडा, म्हणजे बारामतीच्या उन्हाने अजून पूर्ण डोळे वटारलेले नव्हते, पण चाहूल लागली होती. एमआयडीसीतली पहिली पाळी साडेतीनला सुटली. आमच्या कॉलेजातला द्वितीय वर्षाचा एक मुलगा कंपनीच्या बसमधून उतरला, पेन्सिल चौकाजवळच्या मित्राच्या खोलीवर कपडे बदलले आणि पाच वाजता कबड्डीच्या सरावाला हजर झाला. इफ्तारला पावणेदोन तास बाकी होते. सहा वाजून दहा मिनिटांनी, सरावाच्या अगदी शेवटच्या चढाईत, मध्यरेषेकडे परत झेपावताना त्याच्या उजव्या मांडीच्या मागे काहीतरी ‘टक्’ झाले. तो तसाच मातीवर बसला. मुलांनी पाणी आणले, तर म्हणाला, “अजून वेळ आहे.” आणि मांडी धरून, दात आवळून, मगरीबच्या अजानपर्यंत बसून राहिला.

नाव लिहीत नाही. त्याने नको म्हटले आहे.

दुसऱ्या दिवशी त्याच्या दुखण्याचे तीन निदान झाले आणि तिन्हींत डॉक्टर नव्हता. सराव घेणारे म्हणाले, “उपाशीपोटी खेळल्यावर दुसरे काय होणार? एक तर रोजे सोड, नाहीतर या महिन्यात मैदान सोड.” गल्लीतले बुजुर्ग म्हणाले, रोज्यात असली उठाठेव करायचीच कशाला, रमजान इबादतीसाठी आहे. आणि त्याची अम्मी माझ्या घरी आली ती डोळ्यांत पाणी घेऊनच. “सर, लोगां बोलेंगे रोजे से लडके का पाँव गया. ये मेरे को नै सुनना.” तिचे दुःख मुलाच्या मांडीचे होतेच, पण त्याहून मोठे होते ते रोज्यावर येणाऱ्या बट्ट्याचे. मुलगा मात्र खाली मान घालून एकच विचारत होता, “सर, रोजा ठेवू की खेळू?”

मी भाषेचा मास्तर. मुलाला समास सोडवून दाखवीन, स्नायू कसा सोडवू? “बघू,” एवढेच म्हणालो. पण प्रश्न डोक्यातून जाईना. शारीरिक शिक्षण विभागातल्या एका सहकाऱ्याने क्रीडाविज्ञानाचे काही शोधनिबंध काढून दिले. तरावीहनंतर ते वाचत बसायचो. त्या रमजानमध्ये मी कुराणाच्या पाठाशेजारी मांडीच्या स्नायूंची आकृती ठेवून बसलेला पाहून घरातल्यांनी कपाळाला हात लावला होता.

पहिली गोष्ट कळली ती ही, की या स्नायूने भल्याभल्यांना बसवले आहे. आपल्या श्रीरामपूरचा झहीर खान घ्या. २०११ च्या विश्वचषकात त्याने २१ बळी घेतले, स्पर्धेत सर्वाधिक बळी घेणाऱ्यांत तो शाहिद आफ्रिदीच्या बरोबरीने पहिला होता. त्यानंतर जेमतेम चार महिन्यांत, २१ जुलै २०११ ला लॉर्ड्सवर इंग्लंडविरुद्धची पहिली कसोटी सुरू झाली. झहीरने कुक आणि स्ट्रॉस या दोन्ही सलामीवीरांना बाद केले, आणि त्याच दिवशी चौदाव्या षटकात उजव्या पायाचा हॅमस्ट्रिंग धरून मैदानाबाहेर गेला. त्या कसोटी मालिकेत तो पुन्हा खेळू शकला नाही. आता त्या वर्षीचा रमजान ऑगस्टमध्ये लागला. म्हणजे त्या दिवशी रोज्याचा काही संबंधच नव्हता. मी हे त्या मुलाच्या अम्मीला सांगितले तेव्हा तिचा चेहरा पहिल्यांदा जरा सैल झाला. “मतलब जहीरभाई का भी?” म्हणाली.

हॅमस्ट्रिंग म्हणजे मांडीच्या मागच्या बाजूचे तीन स्नायू. आपण ‘मांडीची नस ओढली’, ‘चमक भरली’ म्हणतो ती बहुतेक वेळा यांचीच. जोरात धावताना पाय पुढे फेकला जातो आणि जमिनीवर टेकायच्या क्षणभर आधी त्याला आवरायचे काम हे स्नायू करतात. म्हणजे ते एकीकडे ताणले जात असतात आणि त्याच वेळी ब्रेकही दाबत असतात. उसाची भरलेली ट्रॉली उतारावर आवरणाऱ्या ट्रॅक्टरची कल्पना करा. अशा वेळी स्नायू दमलेला असला की तो दगा देतो. इंग्लंडच्या व्यावसायिक फुटबॉलमधल्या नोंदी पाहिल्या, तर हॅमस्ट्रिंगच्या दुखापती प्रत्येक अर्धाच्या शेवटच्या टप्प्यात जास्त दिसतात. आमच्या मुलाचीही शेवटचीच चढाई होती.

पण रोज्याचे काय? तो प्रश्न टाळून चालणार नव्हते.

रोजा आणि खेळ यांवर जगात चांगले काम झाले आहे आणि त्यातले बरेचसे रोजेदारांच्याच देशांत, अल्जीरिया, ट्युनिशिया, कतारमध्ये झाले आहे. २००७ साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’मध्ये अल्जीरियातल्या दोन संघांच्या ५५ व्यावसायिक फुटबॉलपटूंचा अभ्यास आला. रमजानच्या आधी, रमजानमध्ये आणि नंतर त्यांच्या चाचण्या घेतल्या होत्या. वेग, चपळाई, चेंडू पायाशी ठेवून पळण्याची गती, दमसास, सगळे थोडेथोडे घसरले होते. आणि ईद झाल्यावर लगेच पूर्ववत झाले असेही नाही. जवळपास ७० टक्के खेळाडूंना स्वतःलाही वाटत होते की आपला खेळ उतरला आहे. हे वाचून मी जरा खट्टू झालो, कबूल करतो. बुजुर्गांचेच खरे म्हणायचे का?

मग पुढच्याच वर्षीचा, २००८ चा, ट्युनिशियातल्या तरुण फुटबॉलपटूंचा अभ्यास हाती आला. तिथे चित्र वेगळे. बहुतेक चाचण्यांवर रोज्यांचा वाईट परिणाम दिसला नाही आणि काही बाबतींत चौथ्या आठवड्यापर्यंत मुले सुधारलीच होती. दोन शेजारी देश, एकच खेळ, एकच महिना, आणि निष्कर्ष दोन दिशांना.

दुखापतींच्या बाबतीत तर हा पेच अधिकच बोलका आहे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ट्युनिशियातल्या एका व्यावसायिक संघाच्या ४२ खेळाडूंवर दोन हंगाम लक्ष ठेवले होते. रोजेदार आणि बिनरोजेदार यांच्या एकूण दुखापतींमध्ये ठळक फरक निघाला नाही. मात्र रोजेदारांची तुलना त्यांच्याशीच केली, रमजानआधी, रमजानमध्ये, रमजाननंतर, तेव्हा एक गोष्ट वर आली: कुणाचा धक्का न लागता आपल्या आपण होणाऱ्या दुखापती आणि सरावाच्या अतिताणाने होणाऱ्या दुखापती रमजानमध्ये वाढल्या होत्या. आमच्या मुलाची दुखापत नेमकी याच जातीची. त्याला कुणी पकडले नव्हते, पाडले नव्हते. दुसऱ्याच वर्षी कतारमधल्या व्यावसायिक फुटबॉलपटूंवरचा अभ्यास आला. त्यात रमजानमुळे दुखापतीचा धोका वाढल्याचे आढळले नाही.

हा फरक कशामुळे? कतारच्या अभ्यासकांनी एक गोष्ट नोंदवली आहे, ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. तिथे रमजान लागला की सरावाचे सगळे वेळापत्रकच बदलते, सराव रात्री हलतो, खेळाडू इफ्तार करून, पाणी पिऊन मैदानात येतात. म्हणजे ज्याला आपण ‘रोज्याचा परिणाम’ म्हणतो त्यात रोजा किती आणि रोज्याभोवती आपण घातलेला घोळ किती, हे आधी वेगळे करायला हवे. हे वाक्य लिहिताना मला आमच्याच महिन्याची आठवण होते. रमजानमध्ये आपले जेवण, झोप, चहा, गप्पा सगळे हलते. फक्त कंपनीची शिफ्ट आणि सरावाची वेळ तेवढी हलत नाही.

मी त्या मुलाला घरी बोलावून त्याचा दिवस कागदावर मांडायला लावला. पहाटे साडेचारला उठणे, सहेरी, फजर. साडेसहाला कंपनीची बस. सात ते साडेतीन पॅकिंगला, म्हणजे खोकी उचलणे, रचणे, पुन्हा उचलणे. पाच ते सव्वासहा सराव. पावणेसातला इफ्तार. नऊ ते सव्वादहा तरावीह. त्यानंतर?

तो गप्प.

“त्यानंतर कुठे असतोस?”

“चौकात, सर. मित्रं असतात.”

“किती वाजेपर्यंत?”

“बारा... साडेबारा. मग मोबाईल.”

म्हणजे झोप साडेतीन तास. बसमधली डुलकी धरून चार. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी सातवी ते बारावीच्या ११२ खेळाडू मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. किती खेळ खेळतात, आठवड्याला किती तास सराव करतात, व्यायाम किती, हे सारे तपासले. दुखापतीशी ठळक नाते निघाले ते मुख्यतः झोपेचे आणि वाढत्या इयत्तेचे. आठ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्या मुलांना दुखापत होण्याची शक्यता १.७ पट होती. ती मुले रोजेदार नव्हती, त्यांच्यापुढे सहेरीही नव्हती. ज्या मुलाला चार तास झोप मिळते त्याच्या दुखापतीचे बिल एकट्या रोज्याच्या नावावर फाडणे हा अन्यायच. चौकातल्या गप्पांना आणि मोबाईलला मात्र कुणी बोल लावत नाही.

दुसरा हिशेब पाण्याचा. शरीराच्या वजनाच्या दोन टक्क्यांहून जास्त पाणी कमी झाले, की उकाड्यात दमसास ढासळू लागतो, हे क्रीडाविज्ञानात बरेच मान्य झालेले गणित आहे. मुलाचे वजन ६० किलो. दोन टक्के म्हणजे सव्वा लिटरच्या आसपास. उन्हात जोरात खेळणाऱ्याचा घाम तासाला लिटरभर सहज जातो. आणि हा तर आधी आठ तास खोकी उचलून आलेला. म्हणजे सराव सुरू होतानाच त्याची टाकी तळाला होती. पाणी कमी पडले म्हणून स्नायू फाटला असे थेट बोट संशोधक दाखवत नाहीत. पण पाणी कमी, झोप कमी, अंग दमलेले आणि त्यावर शेवटची चढाई, हे सगळे एका रेषेत आले होते.

बरे, पाणी प्यायला वेळ नव्हता असेही नाही. पावणेसात ते पहाटे सव्वापाच, साडेदहा तास मोकळे. त्यात हा प्यायचा काय? इफ्तारला रूहअफजाचे दोन ग्लास, मग चौकात तीन चहा, आणि सहेरीची वेळ संपायला पाच मिनिटे असताना तांब्याभर पाणी घटाघटा. आपल्याकडे बहुतेक घरांत असेच चालते, माझ्याही घरात. एकदम ढोसलेले पाणी शरीर फारसे साठवून ठेवत नाही, त्यातले बरेचसे बाहेर टाकते. तेच पाणी इफ्तारपासून सहेरीपर्यंत थोडेथोडे, जेवणाबरोबर, फळांबरोबर घेतले तर अंगी लागते. इफ्तारच्या दस्तरख्वानावर खजूर असतो, कलिंगड असते, हे उत्तमच. पण पहिला हात जातो तो कांदाभज्यांवर. भजी खाऊन तरावीहला उभे राहिल्यावर काय होते ते प्रत्येक नमाजीला ठाऊक आहे, त्यासाठी संशोधन नको.

आता एक विषयांतर, पण ते केल्याशिवाय राहवत नाही. रमजान आला की मोबाईलवर एक मजकूर हमखास फिरतो: ‘जपानच्या शास्त्रज्ञाने सिद्ध केले, रोज्याने कॅन्सर बरा होतो, नोबेल मिळाले.’ योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले हे खरे. पेशी स्वतःतला जुना माल मोडून पुन्हा कसा वापरतात, या ऑटोफॅजीच्या यंत्रणेवर त्यांचे काम आहे. आणि ते पायाभूत काम त्यांनी यीस्टवर केले, भाकरी-पावाच्या खमिरातल्या सूक्ष्म जीवावर. रमजानशी त्याचा संबंध नाही. रोजा ठेवण्यासाठी मला नोबेलचे प्रमाणपत्र लागत नाही आणि खोट्या प्रमाणपत्राने रोज्याची शानही वाढत नाही. उलट उद्या एखाद्या मुलाची मांडी भरली, की तीच माणसे तोंड लपवतात. रोज्याने पाय तुटतो हे जितके अडाणीपणाचे, तितकेच रोज्याने सगळे बरे होते हेही.

पुन्हा मैदानावर येऊ. दुखापतीमागचे तिसरे कारण मला शोधनिबंधांनी सांगितले आणि पालखीने समजावले. आपल्या बारामती-इंदापूरला तुकोबांची पालखी दरवर्षी येते. ज्याला रोज चालायची सवय आहे असा शेतकरी वारकरी मजेत चालतो. पण पुण्यातून हौसेने आलेला, वर्षभर खुर्चीवर बसलेला माणूस पहिल्याच दिवशी वीस किलोमीटर चालतो, आणि बारामतीच्या मुक्कामी पाहावे तर पोटऱ्यांना तेल चोळून घेणाऱ्यांच्या रांगेत पुढे तोच. शरीर कष्टाला घाबरत नाही, ते अचानक वाढलेल्या कष्टाला घाबरते. क्रीडाविज्ञानात याला भाराचे व्यवस्थापन म्हणतात. क्रिकेटच्या वेगवान गोलंदाजांवरच्या अभ्यासात दिसले आहे, की एखाद्या सामन्यात एकदम खूप षटके टाकली तर दुखापत त्या दिवशीच होईल असे नाही, तिचा धोका पुढचे तीन-चार आठवडे वाढलेला राहतो. नेमके किती वाढवले की धोका, याचे एकच सूत्र बांधण्यावरून अभ्यासकांमध्ये वाद आहेत. पण एमआयडीसीतल्या रविवारच्या टेनिस बॉल स्पर्धा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना सूत्राची गरज नाही. सहा दिवस मशीनवर उभा असलेला तिशीतला गडी सातव्या दिवशी चार सामने खेळतो आणि सोमवारी कंपनीत लंगडत जातो.

आमच्या मुलाचे नेमके हेच झाले होते. ईदनंतर जिल्हा संघाची निवड होती, म्हणून रमजान लागल्यावर सराव कमी होण्याऐवजी वाढवला गेला होता. झोप निम्मी आणि मेहनत दुप्पट. सराव घेणाऱ्यांचा हेतू चांगला होता, मुलांसाठी जीव टाकणारा माणूस आहे. पण निदान त्यांचेही चुकले आणि आमचेही.

निवड चाचणी त्याला त्या वर्षी देता आली नाही. ईदगाहमध्ये तो मागच्या रांगेत खुर्चीवर बसून नमाज पढला. ईदच्या शीरखुर्म्याला त्याच्या घरी गेलो, तर पायावर गरम पाण्याची पिशवी आणि हातात मोबाईल, त्यात संघाच्या निवडीचा फोटो. मी काही बोललो नाही. वीस वर्षांच्या मुलाला ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणणे किती पोकळ असते ते कळण्याइतके माझे वय झाले आहे.

पण पुढचे वर्ष आले, आणि त्या वर्षात तीन बदल झाले.

पहिला, वॉर्म-अपचा. आपल्याकडे मैदानाला दोन फेऱ्या मारल्या, हात झटकले, की अंग गरम झाले. फिफाच्या वैद्यकीय संशोधन केंद्राने नॉर्वेतल्या व इतर तज्ज्ञांबरोबर ‘इलेव्हन प्लस’ नावाचा वीस मिनिटांचा कार्यक्रम बनवला आहे. धावणे, तोल, उड्या, पोटाच्या आणि मांडीच्या स्नायूंची ताकद, आणि उडी मारून खाली येताना गुडघा आत न पडू देण्याची सवय. त्याला ना यंत्र लागते ना जिम. नॉर्वेत १३ ते १७ वयाच्या १,८९२ मुलींवर त्याची कसोटी झाली, २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एकूण दुखापतींचा धोका सुमारे एक तृतीयांशाने, आणि गंभीर दुखापतींचा जवळपास निम्म्याने कमी. मी हे सराव घेणाऱ्यांपुढे ठेवले तेव्हा ते म्हणाले, “फुटबॉलचं आहे हो हे.” मी म्हटले, “गुडघा कबड्डीचाही तोच असतो.” हसले. पण करायला लागले.

यातलाच एक व्यायाम ‘नॉर्डिक’ म्हणून ओळखला जातो. गुडघ्यांवर उभे राहायचे, मागून साथीदाराने घोटे घट्ट धरायचे आणि अंग सरळ ठेवून पुढे हळूहळू, अगदी हळू, पडत जायचे. जिथे सुटेल तिथे हात टेकायचे. मघाशी सांगितले ते ट्रॅक्टरचे ब्रेक, त्याचीच ही तालीम. अनेक अभ्यास एकत्र करून २०१९ मध्ये काढलेल्या निष्कर्षानुसार, ज्या संघांनी हा व्यायाम आपल्या कार्यक्रमात घेतला त्यांच्या हॅमस्ट्रिंगच्या दुखापती जवळजवळ निम्म्यावर आल्या. मात्र सुरुवातीला मांड्या भयंकर दुखतात. म्हणून रमजानच्या दोन महिने आधीपासून, आठवड्याला थोडेथोडे वाढवत. पहिल्या दिवशी सगळी मुले तोंडावर आपटली आणि मातीत हसत लोळली.

दुसरा बदल वेळेचा. तो सोपा नव्हता. संघात रोजेदार तिघेच, बाकीच्यांनी का झोपायच्या वेळेला सराव करावा? शेवटी मधला मार्ग निघाला. इफ्तारपूर्वीच्या तासात या तिघांनी फक्त हलके काम करायचे, पायांच्या हालचाली, डावपेच, रेषेचा अंदाज. जोराच्या चढाया आणि पकडी आठवड्यातून तीन दिवस तरावीहनंतर, दिव्यांखाली. पहिल्या रात्री दोघेतिघेच थांबले असतील. आठवड्याने पाहिले तर निम्मा संघ थांबलेला. कुणाच्या तरी आईने थर्मासमधून दूध पाठवले होते, आणि ती आई मुसलमान नव्हती. रोजेदार मुलांच्या पिशव्यांमध्ये दोन-दोन लिटरच्या बाटल्या आणि त्यांवर मार्करने ओढलेल्या रेघा: आठ, दहा, बारा.

तिसरा बदल चौकाचा. सराव नसेल त्या रात्री सव्वादहानंतर चौक बंद. यासाठी मला त्याच्या अम्मीची मदत घ्यावी लागली, आणि तिने तो विषय एका संध्याकाळीत निकाली काढला. तपशील विचारू नयेत. कंपनीतही त्याने पर्यवेक्षकाला विचारून महिन्यापुरते खोकी उचलण्याऐवजी लेबल लावण्याचे काम मागून घेतले. आठ तास ओझे उचलणारा मजूर हाही एक खेळाडूच असतो, फक्त त्याच्या सामन्याला टाळ्या नसतात.

एक प्रश्न मात्र उरलाच होता. निवड चाचणी या वेळी रमजानच्या शेवटच्या अशऱ्यातच, आणि तीही पुण्यात, भर दुपारी.

इथे मी थोडा थांबतो. कारण हा शास्त्राचा प्रश्न नाही. कुराणात आजाऱ्याला आणि मुसाफिराला सवलत आहे, राहिलेले रोजे दुसऱ्या दिवसांत पूर्ण करावेत. खेळासाठी म्हणून सवलत घ्यावी का, यावर उलेमांची मते वेगवेगळी आहेत, आणि मी मुफ्ती नाही. २०१२ चे लंडन ऑलिम्पिक रमजानमध्ये आले होते. तिथला रोजा सतरा-अठरा तासांचा. त्याआधी २००९ मध्येच आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने रमजान आणि खेळ या विषयावर तज्ज्ञांची बैठक घेतली होती. ब्रिटनच्या मो फराहने रोजे पुढे ढकलले आणि पाच व दहा हजार मीटरची दोन्ही सुवर्णे जिंकली. त्याच संघातला नौकानयनपटू मोहम्मद स्बिही यानेही रोजे पुढे ढकलले आणि चुकलेल्या रोज्यांपोटी मोरोक्कोतल्या गरजूंना अन्न दिले. त्याला कांस्य मिळाले. त्याच जुलैत ओव्हलवर हाशिम अमलाने नाबाद ३११ केल्या. त्या खेळीबद्दल ‘रोजा ठेवून त्रिशतक’ असा मजकूर आपल्याकडे अजून फिरतो. खरे तर अमलाने स्वतःच सांगितले होते, की आपण प्रवासात आहोत, रोजे घरी परतल्यावर पूर्ण करू. आणि याच्या उलट हकीम ओलाजुवान. १९९५ मध्ये रमजान फेब्रुवारीत आला, त्याने रोजे ठेवून एनबीएचे सामने खेळले आणि त्या महिन्याचा सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. यातल्या कुणाचा ईमान कमी आणि कुणाचा जास्त, हे तराजू घेऊन तोलायला आपण कोण?

मी मुलाला हे सगळे सांगितले आणि म्हटले, “आता ठरव तू.” बारामती ते पुणे शंभर किलोमीटर, म्हणजे तो मुसाफिर होतोच. त्याने मान हलवली. काय ठरवले ते बोलला नाही.

चाचणीच्या दिवशी पहाटे मी त्याला एसटी स्टँडवर सोडायला गेलो. पिशवीत बूट, गुडघ्याचे पट्टे, टॉवेल आणि पाण्याची एक भरलेली बाटली. बाटलीवर या वेळी रेघा नव्हत्या. गाडी सुटताना त्याने खिडकीतून हात केला. ती बाटली त्याने दुपारी उघडली की संध्याकाळी, हे मी विचारले नाही. संघात तो निवडला गेला, राखीव खेळाडू म्हणून.

ईदनंतर साधारण दहा दिवसांनी त्याची अम्मी बाजारात भेटली. कोथिंबीर निवडता निवडता म्हणाली, “सर, आज घर में सहेरी हुई थी. अकेला उठ के खाया, मेरे को भी नै उठाया.” आणि मग जुडी पिशवीत टाकत, “शाम को जल्दी आता बोला है. खजूर लेके जा रई.”